सोळा किलो

९ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरीणबाईंनी आज मला दुसऱ्यांदा परत पाठवलं. वजन चौऱ्याण्णव, साखर काठावर, रक्तदाब काठाच्या पलीकडे. "एक मूत्रपिंड काढून घेतल्यावर उरलेल्या एकावर तुम्हाला अख्खं आयुष्य काढायचंय," त्या म्हणाल्या. "या शरीराला मी हात लावणार नाही. सोळा किलो उतरवा, साखर खाली आणा, मग या." बोलल्या शांतपणे, पण माझ्याकडे न बघता, कागदाकडे बघत.

गेल्या वर्षी याच खुर्चीत बसून मी "हो, लगेच सुरू करते" म्हणाले होते. तेव्हा अकरा किलो सांगितले होते. वर्षभरात अकरा उतरवले नाहीत, वर पाच चढवले. घरी मात्र सगळ्यांना सांगत राहिले की चालू आहे, होतंय हळूहळू.

धाकटा बाहेर बाकावर बसला होता. माझा भाऊ, माझ्याहून आठ वर्षांनी लहान. दोन वर्षांपूर्वी त्याची दोन्ही मूत्रपिंडं बसली. आठवड्यातून तीन दिवस चार-चार तास यंत्राला जोडून घेतो, तेव्हा पुढचा दिवस उभा राहतो. रक्त जुळतं ते फक्त माझं. वहिनीचं जुळत नाही, आईवडील तर नाहीतच.

"किती?" त्याने विचारलं.

"सोळा."

"म्हणजे आपली टिकली अख्खी."

टिकली त्याची मुलगी, पाच वर्षांची. मला हसू आलं, आणि हसू आलं याची लाज वाटली.

आहारवाल्या बाईंनी ही वही दिली आहे. पोटात गेलेलं सगळं लिहायचं, मनात आलेलंही लिहिलं तरी चालेल म्हणाल्या. खोटं लिहिलंत तर फुकट जाईल, हेही म्हणाल्या. चेहऱ्यावरूनच ओळखलं असावं.

११ फेब्रुवारी, बुधवार

मी बेकरीत केकच्या टेबलावर असते, बावीस वर्षं झाली. केक चौकोनी दिसायला हवा तर चारी कडा कापाव्या लागतात. त्या कडा जातात कुठे, हे आजवर कुणी विचारलं नाही. मीही नाही. आज पहिल्यांदा मोजल्या. दुपारच्या चहापर्यंत चौदा. शिवाय क्रीमची चव बघायची म्हणून चमचे, ते वेगळे.

घरी येऊन भाकरी, पालेभाजी, ताक. जेवले असं वाटलंच नाही. नऊला आडवी झाले आणि छताकडे बघत कडांचा विचार करत राहिले. सत्तेचाळीस वर्षांची बाई मी.

१५ फेब्रुवारी, रविवार

चालायला जाते म्हटलं तर गुडघे रडतात. धाकटा म्हणाला, "मग पाण्यात ये. पाण्यात गुडघ्यांना वजन कळत नाही."

तो पोहण्याच्या तलावावर शिक्षक आहे. अर्ध्या गावाला त्यानेच पोहायला शिकवलं, फक्त सख्खी बहीण कोरडी राहिली. आता यंत्रासाठी छातीत नळी बसवल्यापासून त्याला पाण्यात उतरायला बंदी आहे. काठावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून शिकवतो. प्यायलाही दिवसाला चार कप पाणी, मोजून. एवढ्या मोठ्या तलावाच्या काठावर बसून हा माणूस चार कपांवर दिवस काढतो आणि मला दोन बिस्किटं सोडवत नाहीत.

दुपारी चारला बायकांची वेळ असते. पोहण्याचा पोशाख वहिनीने आणून दिला. तो चढवायला पंधरा मिनिटं लागली आणि बाहेर यायला धीर गोळा करायला वीस. आले तर धाकटा मुद्दाम भलतीकडे बघत होता.

"पायऱ्या धरून उतर. तोंड पाण्यात घाल. बुडबुडे काढ."

"बुडबुडे? टिकलीला सांगतोस तसं?"

"टिकली पहिल्या दिवशी रडली नव्हती."

मी रडत नव्हते, पाण्यातल्या औषधाने डोळे चुरचुरत होते. हे मात्र खरं लिहिते आहे.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

एक्क्याण्णव पूर्णांक चार. तरंगता येतं. काठ सोडून, पाठीवर, दोन्ही कान पाण्यात. वरचं पत्र्याचं छप्पर दिसतं आणि कुणाचंही काही ऐकू येत नाही. धाकट्याचे ओठ हलत होते. नंतर विचारलं काय म्हणत होतास, तर म्हणाला, "हनुवटी वर."

१४ मार्च, शनिवार

लिहायचंच असेल तर हेही लिहायला हवं.

आज यंत्रावर असताना त्याचा रक्तदाब एकदम उतरला. वहिनीचा फोन आला तेव्हा मी लग्नाच्या मोठ्या केकवर गुलाब काढत होते. मालकांना सांगून धावत गेले. तोवर तो सावरला होता, चेहरा मात्र राखेसारखा. परत कामावर आले, केक पुरा केला. मग कोठीच्या खोलीत जाऊन उभ्या उभ्या क्रीमरोल खाल्ले. सहा. चव कळली नाही. पोटात काहीतरी भरायचं होतं एवढंच.

संध्याकाळी त्याला जाऊन सांगितलं. वाटलं होतं, रागावेल. रागावला असता तर बरं झालं असतं.

"सहा?" तो म्हणाला.

"सहा."

"उद्या चारला ये. दोन फेऱ्या जास्त."

एवढंच बोलून कूस बदलून झोपला. उठताना वहिनी दारापर्यंत आली. "ताई, तुम्ही याच्यामुळे त्रास करून घेऊ नका," म्हणाली. मग दाराची कडी हातात धरून थोडा वेळ तशीच उभी राहिली.

२ एप्रिल, गुरुवार

एकोणनव्वद. मालकांकडे जाऊन केकचं टेबल सोडते म्हणाले. पावाच्या भट्टीकडे द्या. त्यांना वाटलं, कुणाशी भांडण झालं. सगळं ऐकल्यावर म्हणाले, "तुमच्यासारखे गुलाब कोण काढणार?" मी म्हटलं, "गुलाबांशिवाय केक खाता येतो." तिथे कणीक मळायची, वजन करून गोळे तोडायचे, तापलेले पत्रे ओढायचे. हात भरून येतात. पण गरम पावाचा वास सोसता येतो, क्रीमचा येत नाही. स्वतःवर भरवसा नसेल तर माणसाने निदान टेबल तरी बदलावं.

धाकटा मंगळवारी तलावावर आला नाही. हृदयाचा फोटो काढायला गेला होता. "दर वर्षीचं आहे, शस्त्रक्रियेआधी लागतं," म्हणाला. म्हणजे तयारी सुरू झाली तर. मला इतकं हलकं वाटलं की कालच्या दिवसात भूकच जाणवली नाही. आज त्यांच्या घरी गेले तेव्हा वहिनी इस्त्री करत होती. एकच शर्ट दोनदा केला. मी म्हटलं, झालाय की तो. म्हणाली, इस्त्री नीट तापत नाही.

१९ एप्रिल, रविवार

आज अख्खी लांबी. मध्ये न थांबता, काठाला हात न लावता. पलीकडच्या भिंतीला बोटं टेकली आणि वळून बघितलं तर धाकटा खुर्चीवरून उठून उभा. टाळ्या वाजवत होता. मग एकदम खाली बसला, गुडघ्यांवर कोपरं टेकून. उन्हामुळे, म्हणाला.

हल्ली तो "किती राहिले" विचारत नाही. विचारतो, जिना चढताना दम लागतो का. झोप लागते का. सकाळी बोटं सुजलेली असतात का. मी म्हटलं, "अरे, तुला द्यायचंय ते मूत्रपिंड. माझ्या बोटांचं काय करायचंय?"

"सवय झालीये विचारायची," म्हणाला.

१० मे, रविवार

चौऱ्याऐंशी. माणसं वळून बघतात. भट्टीवाले काका म्हणाले, "ताई, पाठीवरून ओळखलंच नाही." खरं सांगायचं तर सुखावले. भावाच्या आजारपणात आपण असं सुखावतो, हे मनात धरून दिवसभर स्वतःला टोचत राहिले.

काल हॉस्पिटलमध्ये फोन केला. म्हटलं, जुलैत मी तयार असेन, तारीख आत्ताच धरून ठेवता येईल का. खिडकीवरच्या मुलीने नाव बघितलं. पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग, "डॉक्टरांशी बोलून घ्या." धाकट्याला सांगितलं तर पहिल्यांदाच आवाज चढवला. "तू कशाला फोन करतेस? ते माझ्यावर सोड. तू फक्त पोह."

आजाराने माणूस चिडका होतो. मी मनावर घेतलं नाही.

७ जून, रविवार

साखर उतरली. काठावरही नाही, चांगली आत. रक्तदाबही. रिपोर्ट घेऊन थेट त्याच्याकडे गेले. त्याने कागद दोन्ही हातांत धरून तीन वेळा वाचला. मग टिकलीला हाक मारली. "बघ, आत्याला पैकीच्या पैकी."

त्याचे डोळे भरले. माझ्यापेक्षा त्यालाच जास्त आनंद. साहजिक आहे, जीव त्याचा आहे.

जेवताना तो अचानक आईचं बोलायला लागला. आई गेली तेव्हा तो चौदा वर्षांचा होता, मी बावीसची. साखर आणि रक्तदाब घेऊन ती वर्षानुवर्षं हिंडली, गोळ्या आठवण झाली तर घ्यायची. एका सकाळी ओट्याशी उभी असताना अर्धं अंग गेलं. एक्कावन्न वर्षांची होती.

"तुझी चाल तिच्यासारखी झाली होती," तो म्हणाला. "मी कधी बोललो नाही."

"आता?"

"आता तुझी तुझी आहे."

वहिनी पाणी आणायला उठली. पाण्याचा तांब्या तर समोरच होता.

१३ जुलै, सोमवार

सकाळी काटा अठ्ठ्याहत्तरवर थांबला. उतरून पुन्हा चढले. अठ्ठ्याहत्तर.

कुणाला न सांगता रजा टाकली आणि हॉस्पिटलात गेले. त्याला तारीख हातात घेऊनच सांगायचं ठरवलं होतं. डॉक्टरीणबाईंनी या खेपेला माझ्याकडे बघितलं, अगदी खुर्ची मागे सारून. "तुम्ही फार मोठं काम केलंत," म्हणाल्या. मी म्हटलं, मग पुढच्या तपासण्या कधी?

त्यांनी फाइल मिटली. मग हळू विचारलं, "त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही?"

मार्चच्या शेवटीच कळलं होतं. हृदय थकलं आहे. एवढी मोठी शस्त्रक्रिया त्याला झेपणार नाही. तीन डॉक्टरांनी मिळून ठरवलं आणि शस्त्रक्रियेच्या यादीतून त्याचं नाव काढलं.

पुढचं काय बोलल्या ते आठवत नाही. रस्त्यावर आले तेव्हा ऊन होतं आणि माझ्या अंगावर नवा कुडता होता, आधीच्यापेक्षा दोन मापं लहान.

१५ जुलै, बुधवार

काल काही लिहिलं नाही. काही खाल्लंही नाही.

आज तो यंत्रावर असताना वहिनीकडे गेले. ती भाजी निवडत बसली होती. मला बघून तिला कळलं. "त्यांनी शपथ घातली होती," म्हणाली. "ताईला कळलं तर ती सगळं सोडून देईल, म्हणाले."

मी एकच विचारलं. "गेल्या वर्षी काढला होता का हृदयाचा फोटो?"

ती पानं खुडत राहिली.

"वहिनी."

"काढला होता."

"कसा होता?"

तिने मान वर केली नाही. एक जुडी संपली, दुसरी घेतली. मी तिच्याजवळ बसून अर्धी जुडी निवडून दिली. चांगला होता. गेल्या वर्षी तो चांगला होता, आणि मी दर आठवड्याला सुरुवात करायचा नवा दिवस ठरवून कडा खात होते.

१६ जुलै, गुरुवार

तलावावर गेले. पोशाख घातला नाही. त्याच्या खुर्चीशेजारी ओल्या फरशीवर बसले. उथळ भागात पोरी काठ धरून पाय मारत होत्या.

"सोमवारी जाऊन आलीस ना," तो म्हणाला. "डॉक्टरांचा फोन आला होता."

"मला पोहायला लावत राहिलास. साडेतीन महिने."

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी सोडून दिलं असतंस."

"दिलं असतं. मग? मी करत होते कुणासाठी?"

"माझ्यासाठी. स्वतःसाठी तू काही करत नाहीस, ताई. कधीच केलं नाहीस. म्हटलं, माझ्या नावावर का होईना, होऊ दे."

 एका पोरीला तो म्हणाला, गुडघा सरळ ठेव. मग मी विचारलं. विचारल्याशिवाय जगता आलं नसतं.

"गेल्या वर्षी मी खोटं बोलत होते, ते तुला माहीत होतं?"

"हो."

"काही बोलला नाहीस."

"रागावलो होतो. दोन महिने तुझ्याशी धड बोललो नाही. तुला कळलं नाही."

"मला वाटलं, तब्येतीमुळे."

"तब्येत होतीच." तो थोडा हसला. "नंतर राग राहिला नाही. राग धरायलाही ताकद लागते. चार तास यंत्रावर काढल्यावर उरत नाही ती."

"माफ केलंस का?"

त्याने माझ्याकडे बघितलं. लहानपणी शाळेतून आणायला उशीर झाला की बघायचा, तसं. "ते विचारू नकोस," म्हणाला. "रोज येत जा."

२ ऑगस्ट, रविवार

आता त्याच्या यंत्राच्या तिन्ही दिवशी मी शेजारी बसते. भट्टीवाले काका पाळी बदलून देतात. चार तास. आम्ही कशाबद्दलही बोलतो. त्याच्या वर्गातली एक आजी अजून पाण्यात अंबाड्याचं फूल काढत नाही. टिकलीचा दात हलतोय. काल त्याने विचारलं, "पाण्यात कान बुडाले की काय ऐकू येतं तुला?" मी म्हटलं, "काहीच नाही." म्हणाला, "मला स्वतःचा श्वास यायचा."

मी रोज पोहते. आवडत नाही. हात-पाय मारताना एकच येतं मनात, हे सगळं मला जमत होतं. कुणी वेगळी शक्ती दिली नाही, पोहण्याशिवाय काही नवं शिकावं लागलं नाही. तोंड बंद ठेवणं आणि चारला तलावावर जाणं, एवढंच होतं. गेल्या वर्षीही एवढंच होतं.

२२ ऑगस्ट, शनिवार

धाकटा गेला. सकाळी तलावावर जायला निघाला होता. एक बूट घालून झाला होता.

६ सप्टेंबर, रविवार

पंधरा दिवस. लोक येतात, बसतात. म्हणतात, तू तुझ्याकडून सगळं केलंस. मी मान हलवते. वहिनी मान हलवत नाही, काही बोलतही नाही. त्यासाठी मी तिची ऋणी आहे. परवा सगळे गेल्यावर तिच्या पायांशी बसले आणि म्हटलं, तू मला बोल. शिव्या दे. ती म्हणाली, "ताई, मला एकटीला झेपणार नाही सगळं. तुम्ही धडधाकट राहा." तिने ते प्रेमाने म्हटलं की आणखी कशाने, मला कळलं नाही. दोन्ही असेल.

काल कोठीच्या खोलीत गेले. क्रीमरोलचा पत्रा समोर होता. एक उचलला. खाल्ला नाही असं लिहावंसं वाटतं, पण खाल्ला. दुसरा उचलला नाही. यात मोठेपणा काही नाही, गिळवला नसता इतकंच.

तलावावर जाववत नाही.

१७ सप्टेंबर, गुरुवार

गेले. खुर्चीवर नवीन शिक्षिका होती, चांगली मुलगी आहे. मी पाण्यात उतरले. तीन फेऱ्यांनंतर पाण्यातच रडले. पाण्यात रडण्याची एक सोय असते. चौथी फेरी पुरी केली. पाचवीही.

२८ सप्टेंबर, सोमवार

आज भट्टी लवकर आटोपली, म्हणून मालकांनी पुढच्या खिडकीवर उभं केलं. नेहमीच्या एक बाई आल्या, शाळेत शिकवतात, माझ्याच वयाच्या, माझ्या पूर्वीच्या अंगाच्या. वर्षभरात मला पाहिलं नव्हतं.

"अगबाई, तुम्हीच का? किती बारीक झालात. छान दिसताय. काय केलंत तरी काय?"

रोज कुणीतरी विचारतं. रोज मी म्हणते, पोहते जरा. आज तोंडातून भलतंच आलं.

"उशीर केला," म्हटलं.

त्यांना कळलं नाही. कसं कळणार. पाव पिशवीत घालत होते, हात थांबले. मागे गिऱ्हाईक नव्हतं. मग मी सांगितलं. माझा भाऊ होता, त्याला माझं मूत्रपिंड लागणार होतं, वजन उतरवायला सांगितलं होतं, एक वर्ष मी चालढकल केली, मग पाच महिन्यांत उतरवलं, तोवर त्याच्या हृदयाचं ते वर्ष निघून गेलं होतं. सरळ सांगितलं, रडले नाही. एवढं सलग मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

पिशवी त्यांनी माझ्या हातातून घेतली. सांत्वनाचं काही बोलल्या नाहीत. विचारलं, "आणि अजून जाता पोहायला?"

"जाते."

"का?"

काय सांगणार. त्याने सांगितलं म्हणून. वहिनी एकटी आहे म्हणून. टिकली मोठी व्हायची आहे, तिला कुणीतरी लागेल म्हणून. हे सगळं खरं आहे, आणि यातल्या कशानेही गेलं वर्ष परत येत नाही.

"चार वाजतात म्हणून," मी म्हटलं.

त्या गेल्या. मी घड्याळाकडे बघितलं, एप्रन काढून खिळ्याला अडकवला आणि निघाले.